संत्र्याचं कॉकटेल

कोल्हापुरात कॉकटेल म्हटलं की शाळकरी पोरसुद्धा जीभ चाटतं. उंच ग्लासात तळाला जेली, वर फळांच्या फोडी, त्यावर आईस्क्रीमचे गोळे आणि माथ्यावर लालभडक चेरी. दारूचा त्यात थेंब नाही. त्यामुळे क्रांतीवहिनींचा फोन आला आणि "नाताळच्या सुट्टीत फार्महाउसवर पार्टी हाय, कॉकटेल करायचंय" असं त्या म्हणाल्या, तेव्हा अक्षतानं क्षणाचाही विचार न करता "करूया की" म्हणून टाकलं.

"तसलं नव्हे गं," वहिनी हसल्या. "खरंखुरं कॉकटेल. ह्यांचे पुण्याचे दोस्त येणार हाईत. फळांचं कायतरी रंगीत, झ्याक दिसणारं पायजे."

अक्षतानं मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारातून तिला संग्राम दिसत होता. बाहेर पायरीवर बसून तो टेम्पोचा आरसा पुसत होता.

संग्राम तिचा नवरा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे साचे घालायला होता. हात सोन्याचा, पण दारूनं नोकरी घालवली, माणसं तोडली. गेल्या वर्षीच्या गणपतीत अक्षतानं त्याला पंचगंगेच्या घाटावरून उचलून आणलं होतं. त्यानंतर तो टेम्पो चालवू लागला आणि डॉ. संघप्रियांचे उपचार सुरू झाले. रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी. ती अक्षतानं द्यायची, त्यानं तिच्यासमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "ही गोळी अंगात असताना दारू पोटात गेली तर शरीर सहन करणार नाही. खोकल्याचं औषध घेतानाही विचारायचं. नाताळचा रम घातलेला केकसुद्धा नको. जिवावर बेतू शकतं."

तेव्हापासून भीती अक्षताच्या घरात पाहुणी म्हणून आली ती मुक्कामालाच राहिली. टेम्पोला रोजच्यापेक्षा उशीर झाला की ती उंबऱ्यावर येऊन बसायची. तो दारातून आत आला की ती काहीतरी घ्यायच्या निमित्तानं त्याच्याजवळून जायची आणि हळूच श्वास ओढायची. त्याला ते कळायचं. 

नाही म्हणावं असं तिच्या ओठावर आलं होतं. पण लग्नकार्यात सरबतं आणि मॉकटेलं करून द्यायचा तिचा जो काउंटर होता, त्याला पहिलं काम क्रांतीवहिनींनीच दिलं होतं. त्यांना नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण तिनं आजवर सख्ख्या बहिणीलाही धड सांगितलं नव्हतं.

"वैनी, फळाचा सगळा रस मी करून देते," ती शेवटी म्हणाली. "बाटली काय ती तुमची तुम्ही ओता. मी हात लावणार न्हाय."

"चालतंय की," वहिनी म्हणाल्या.

पार्टीच्या आदल्या दिवशी घरभर फळं झाली. अक्षतानं आलं ठेचून गुळाच्या पाकात उकळलं, त्यात दालचिनी आणि चार लवंगा टाकल्या. स्ट्रॉबेरी साखरेत मुरत ठेवली, डाळिंबाचे दाणे चुरून गाळले. संग्राम मांडी घालून संत्री सोलत बसला. वरची पांढरी साल एकेका फोडीवरून तो इतक्या निगुतीनं काढत होता, की बघत बसावं.

दोन बरण्या ठरल्या होत्या. खाली नळ असलेल्या मोठ्या काचेच्या. स्ट्रॉबेरी-डाळिंबाची लाल बरणी पुरुषमंडळींची, तिच्यात दारू पडणार. संत्र्याची बरणी पोरांची आणि बायकांची.

"लाल बरणीत काय पडणार हाय ते मला म्हाईत हाय," मान वर न करता संग्राम म्हणाला. "भिऊ नगंस."

"मी कुठं भ्याले?" अक्षता म्हणाली आणि पाक ढवळत राहिली.

सकाळी चिमणाबाईचा निरोप आला. ती अक्षताची मदतनीस. गुडघा सुजलाय, पाय टेकवत नाही म्हणाली. सामान टेम्पोत चढलेलं. संग्रामनं अक्षताला सोडून माघारी यायचं असं ठरलं होतं.

"मी थांबतो की," तो म्हणाला. "बरफ कोण उचलणार, गिलास कोण धुणार?"

नको म्हणणं म्हणजे 'माझा तुमच्यावर विश्वास नाही' असं तोंडावर सांगणं. अक्षतानं जीभ चावली. "थांबा," एवढंच म्हणाली.

राधानगरी रस्त्याला, नदीच्या वरच्या अंगाला फार्महाउस होतं. वहिनींचे यजमान अमरसिंह यांचीही शिरोलीत फाउंड्री होती, पण संग्राम होता ती नव्हे. आवाज मोठा, मन मोकळं. "या या पावणं!" असं ओरडून त्यांनी संग्रामच्या पाठीत थाप मारली. त्यांचा पुतण्या विश्वजित, पुण्यात शिकणारा, बाटल्यांचं खोकं घेऊन आला आणि लाल बरणीपाशी उभा राहिला.

पहिल्या बाटलीचं झाकण कट्कन तुटलं. अक्षता संत्र्याच्या चकत्या मांडत होती, पण तिचं लक्ष नवऱ्याच्या मानेवर होतं. तो पाठमोरा होता. झाकणाचा आवाज झाला तशी ती मान थोडी वळली, तेवढीच, आणि पुन्हा सरळ झाली. अक्षताच्या हातातली सुरी घामानं निसटली.

"तुम्ही संत्र्याच्या बरणीवर थांबा," तिनं त्याला सांगितलं. "पोरांना भरून द्या. तिकडं जाऊ नका."

"व्हय," तो म्हणाला.

दुपार चढत गेली. पोरांनी संत्र्याचं पेय पोटभर ढोसलं आणि आंब्याखालच्या झोक्याकडं पळाली. पुरुष लाल बरणीभोवती जमले, हशा वाढला. बायका व्हरांड्यात सतरंजीवर बसल्या होत्या. अक्षता आणखी फळं चिरायला आत स्वयंपाकघरात गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं. संग्राम बर्फाची लादी आणायला टेम्पोकडं निघाला होता. काउंटरवर कुणी नव्हतं.

ती परत आली तेव्हा संग्राम लादी फोडत होता. सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून घाम ओघळतोय. तिला भरून आलं. सकाळपासून माणूस राबतोय, आजूबाजूला दारूचा नुसता घमघमाट, आणि एकदाही त्यानं तिकडं डोळा वळवला नाही. तिनं संत्र्याच्या बरणीखाली ग्लास धरला, काठोकाठ भरला आणि स्वतःच्या हातानं त्याला दिला.

"घ्या. घसा सुकला असंल."

त्यानं घोट घेतला. ग्लास तोंडाशी धरून जरा थांबला, तिच्याकडं बघितलं. मग उरलेलं संपवलं. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच दुसऱ्यांदा ग्लास भरलेला तिनं पाहिला. आवडलं वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि ती सुखावली.

पुढं तिचं कामात लक्ष गेलं. कुणीतरी पुदिना मागितला, कुणाला बर्फ पाहिजे होता. वर बघितलं तर संग्राम जागेवर नव्हता.

तो टेम्पोच्या दाराला धरून उभा होता. तोंड लालबुंद, कानापासून गळ्यापर्यंत. डोळ्यांच्या शिरा तांबारलेल्या. अक्षता जवळ गेली आणि सवयीनं श्वास ओढला.

आणि तिला तो वास आला.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती कशी सरकते, ते तिला त्या घडीला कळलं. आलं, लवंग, संत्रं आणि त्याखाली तो. सव्वा वर्ष ती ज्या वासाला भीत आली होती तो.

"घेतलासा?" तिचा आवाज फुटला.

"अक्षे, छातीत लई धडधडतंय..."

"घेतलासा का न्हाय तेवढं सांगा!"

तो नुसता बघत राहिला. त्याचं ते बघणं तिनं कबुलीच समजलं. राग असा उसळला, की डोळ्यांसमोर काळं आलं. "मरा जावा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून काउंटरकडं चालू लागली.

 ओठ दाबून ती ग्लास पुसत बसली. एवढ्यात व्हरांड्यातून अमरसिंहांच्या आई, आक्का, आल्या. सत्तरीची बाई, कपाळावर आडवं कुंकू. गाल तापलेले आणि पदर खांद्यावरून घसरलेला.

"काय घाटलंयस गं ह्यात?" आक्का खुदकन हसल्या. "लई ग्वाड लागतंय, पर डोस्कं फिराय लागलंय माझं."

अक्षताच्या हातातला ग्लास तसाच राहिला. लाल बरणीपाशी विश्वजित आणि त्याचे दोन मित्र तोंडावर हात ठेवून हसत होते.

तिनं संत्र्याच्या बरणीचा नळ बोटावर सोडला आणि बोट जिभेला लावलं. आधी गूळ लागला. मग आलं. मग घशाच्या तळाशी आल्याची नव्हे अशी जळजळ.

कुणीतरी ह्या बरणीत ओतली होती. आणि ग्लास तिनं दिला होता. स्वतःच्या हातानं.

त्याच वेळी झोक्यावरून पळत आलेली एक लहानगी पोर नळाखाली ग्लास धरत होती. अक्षतानं तिच्या हातातून तो हिसकावला आणि दोन्ही हातांनी बरणीच ढकलून दिली. बरणी फरशीवर फुटली. संत्र्याच्या चकत्या सगळीकडं पसरल्या. पोर भोकाड पसरून रडायला लागली आणि सगळी मंडळी वळून बघू लागली.

"ह्यात कुणी ओतली?" अक्षता किंचाळली. "पोरांच्या बरणीत कुणी ओतली?"

"पोरांचं झालतं पिऊन," विश्वजित पुढं आला, हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "बायकांची जरा गंमत म्हणून... एकच बाटली..."

ती ऐकायला थांबली नाही. टेम्पोकडं धावली. संग्राम मागच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. मघाचा लालबुंद चेहरा आता राखेसारखा झाला होता. सदऱ्यावर ओकारी. हात बर्फासारखा गार आणि घामानं ओला. नाडी हाताला लागेना. लागली ती अशी पळत होती, की तिची तीच घाबरली.

"अहो! अहो, माझ्याकडं बगा!"

त्यानं डोळे उघडले. ते कुठंतरी लांबच बघत होते.

माणसं जमली. "जास्त झाली वाटतं," कुणीतरी म्हणालं. "लिंबू द्या, ताक द्या."

"जास्त झाली न्हाय!" अक्षता ओरडली. जे ती सव्वा वर्ष पदराखाली झाकत आली होती, ते सगळ्यांसमोर तिच्या तोंडून बाहेर पडलं. "माझा नवरा दारू सोडायच्या गोळीवर हाय! दारू पोटात गेली तर त्यो मरंल! गाडी काढा कुणीतरी!"

अमरसिंहांनी खिशातून किल्ली काढली आणि ते जागीच डुलले. विश्वजितनं दुपारपासून घेतलीच होती. पुण्याचे दोस्त एकमेकांकडं बघत राहिले. एवढी पुरुषमंडळी, दारात गाड्यांची रांग, आणि गाडी चालवण्याच्या स्थितीत एकही जण नव्हता.

गर्दी बाजूला सारून क्रांतीवहिनी आल्या. सकाळपासून पाहुण्यांच्या धबडग्यात त्यांना पाण्याचा घोटही मिळाला नव्हता. त्यांनी नवऱ्याच्या हातातून किल्ली ओढून घेतली. "उचला त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्या गाडीत मागं आडवा घाला."

गाडी रस्त्याला लागली. अक्षता मागच्या सीटपुढच्या जागेत गुडघ्यांवर बसली होती, फोन कानाला. डॉ. संघप्रियांनी दुसऱ्याच रिंगला उचलला.

"आडवंच ठेवा. पाय उंच करा," त्या सांगत होत्या. "उलटी आली तर कुशीवर वळवा. तोंडातून काहीही देऊ नका, पाणीसुद्धा. कोल्हापूरपर्यंत थांबू नका, वाटेत ऑक्सिजन आणि सलाईन असलेला पहिला दवाखाना गाठा. मी त्यांच्याशी बोलते. अक्षता, ऐकताय ना? श्वास बघत राहा."

ती श्वास बघत राहिली. छाती वर जायची, खाली यायची आणि मग तशीच थांबायची. त्या थांबण्यात तिचा जीव गोळा व्हायचा. मग पुन्हा वर.

वळणावर गाडी थांबली. समोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. प्रत्येक ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबत असलेला. पुढं कुठंतरी एक ट्रॉली कलंडली होती. वहिनींनी हॉर्न दाबून धरला. कुणी हललं नाही.

"का थांबलो?" संग्राम पुटपुटला. "अक्षे, दिसंना झालंय मला."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. मघाशी आपण ह्या माणसाला 'मरा जावा' म्हणालो, आणि तेच शेवटचं बोलणं ठरतंय की काय, ह्या विचारानं तिचे दात वाजायला लागले.

वहिनींनी दार उघडलं, जरीची साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि रस्त्यात उतरल्या. "अहो पावणं!" त्या पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला ओरडल्या. "माणूस मराय लागलाय गाडीत! बाजू द्या!"

ट्रॅक्टरवाल्यानं वाकून गाडीत बघितलं. मग उसाच्या ट्रॉलीवर चढून त्यानं पुढच्यांना जी आरोळी ठोकली, ती नदीपलीकडं गेली असेल. एकेक ट्रॅक्टर खडखडत शेतात उतरू लागला. कुणाचा बांध मोडला, कुणाची मोळी सुटली. फटीफटीतून, आरशाला ऊस घासत, गाडी पुढं सरकली.

दवाखाना छोटा होता, पण डॉक्टरांचा फोन आधी पोचला होता. स्ट्रेचर दारातच होतं. नर्सनं रक्तदाब घेतला आणि आकडा मोठ्यानं न सांगता आतल्या डॉक्टरला जाऊन दाखवला. ते अक्षतानं पाहिलं. मग पडदा ओढला गेला.

ती बाकड्यावर बसली. वहिनी शेजारी. हाताला अजून संत्र्याचा वास येत होता. उठून ती नळावर गेली, हात धुतले, परत येऊन हुंगले आणि पुन्हा धुवायला गेली. पडद्याआड कुणीतरी घाईनं चाललं, काहीतरी धातूचं खाली पडलं. त्या आवाजाला दोघी एकदमच उठून उभ्या राहिल्या.

"माझ्या घरी झालं हे," वहिनी म्हणाल्या. त्यांचं काजळ गालावर आलं होतं. "तू आधी सांगितलं असतंस तर..."

"काय सांगणार हुते वैनी?" अक्षता म्हणाली. "कुठल्या तोंडानं?"

उन्हं कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आला. "दाब वर यायला लागलाय," तो म्हणाला. "आजची रात्र इथंच ठेवू. पण आता धोका टळला म्हणायला हरकत नाही."

अक्षता आत गेली. संग्राम पडून होता, नाकाला नळी, हाताला सलाईन. ती स्टुलावर बसली आणि त्याचा हात धरून कितीतरी वेळ रडली.

"मी दिली तुमाला," ती म्हणाली. "माज्या हातानं इख दिलं. आणि वर मरा म्हणाले."

"अक्षे." त्याचा आवाज खरवडल्यासारखा होता. "ऐक. मला कळलं हुतं."

"काय?"

"पैल्या घोटालाच. माज्या जिभंला कळणार न्हाय व्हय?" तो छताकडं बघत होता. "थुकायचं हुतं. तुला हाक माराय पायजे हुती. पर मनात आलं, हिनंच दिलीया. आता माजा काय दोष न्हाय. एवढं एक पिऊन घेऊया. मग दुसरा भरला. त्यो निम्मा पिला आणि मग भ्या वाटलं. उरल्याला झाडाच्या बुडात ओतला."

अक्षताचे अश्रू थांबले. मघाची भीती वेगळी होती, ती दवाखान्याच्या दारात संपणारी होती. ही नवी होती आणि हिला दार नव्हतं.

"सांगिटलं नसतंसा तर मला कदी कळलं नसतं," ती म्हणाली.

"म्हणून तर सांगिटलं," तो म्हणाला. "तू रोज माजा वास घेतीस. मला बी माजीच भीती वाटती, अक्षे. तुज्यापेक्षा जास्त."

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. डॉ. संघप्रियांनी गोळी काही दिवस बंद केली आणि दोघांना पुढच्या आठवड्यात बोलावलं. म्हणजे मधले दिवस रोज सकाळची ती राखण नव्हती. विश्वजित दारात येऊन, मान खाली घालून माफी मागून गेला. टेम्पो मात्र अजून फार्महाउसवर होता.

"चल, घिऊन येऊ," संग्राम म्हणाला.

"तुम्ही एकटंच जावा," अक्षता म्हणाली. आपण हे काय बोललो म्हणून ती स्वतःच दचकली. पण शब्द मागं घेतले नाहीत. "किती दिस मी मागं मागं येणार?"

तो एसटीनं गेला. ती घरात बसून राहिली. भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवली. उरलेली संत्री टोपलीत मऊ पडली होती, त्यांच्यावर चिलटं घोंगावत होती. रस्त्यानं गाडी गेली की ती दाराशी यायची. फार्महाउस ते कोल्हापूर, वाटेत किती परमिट रूम आहेत ते तिला पाठ होतं. डोळे मिटले की एकेकाची पाटी दिसायची.

फोन वाजला. त्याचा.

"अक्षे," तो म्हणाला. मागून टेम्पोच्या इंजिनाचा आवाज येत होता. "मी रस्त्याला हाय. बारच्या म्होरं. गाडी बंद केली न्हाय."

 "कशाला थांबलासा?"

"म्हाईत न्हाय. पाय ब्रेकवर गेला." त्याचा श्वास जोरात चालला होता. "तू बोल. कायबी बोल. नुस्ती बोलत ऱ्हा."

 मग ती बोलायला लागली. चिमणाबाईच्या गुडघ्याला डॉक्टरनं काय सांगितलं ते. शेजारच्यांच्या म्हशीला रेडी झाली ते. संत्री नासाय लागलीत, त्यांची साल वाळवून ठेवावी म्हणते. रात्री पिठलं करू का तांबडा रस्सा. शब्द एकावर एक पडत होते, पण ती थांबली नाही, कारण थांबलं की पलीकडं नुसतं इंजिन ऐकू यायचं.

मग गिअर पडल्याचा आवाज आला.

"निघालो," तो म्हणाला. "फोन चालूच ठिव."

दिवेलागणीला टेम्पो दारात आला तेव्हा तिचा घसा बसला होता. संग्राम उतरला आणि सरळ तिच्यापुढं येऊन उभा राहिला. तिनं फोन बंद केला. त्याचा हात थंडगार होता. तो तसाच धरून ती त्याला आत घेऊन गेली.